पिढ्यांचें अंतर कीं अटींचें?

एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या विभागीय कचेरींत अधिकारी असलेल्या एका भगिनींनीं या सदराकडे एक प्रश्न पाठविला आहे. त्या लिहितात : "आमच्या विभागांतील कर्मचाऱ्यांचें कामांत कितपत मन आहे याची पाहणी करावी, व ती पिढीवार करावी, असा वरून हुकूम आला आहे. आमच्याकडे रोकड सांभाळणारे अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ आहेत, तशीच नुकतीच लागलेली चोवीस वर्षांची मुलगीही आहे. जुने म्हणतात, नव्यांच्या ठायीं निष्ठा नाहीं. नवे म्हणतात, जुन्यांना ऐकून घेण्याची संवय नाहीं. गेल्या वर्षीं दोन चांगलीं मुलें राजीनामा देऊन गेलीं. पाहणीची आंखणी कशी करावी हें मास्तरांनीं सांगावें."

प्रश्न कचेरींतला खरा. परंतु या मासिकाच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं तो रात्रीच्या पानावरही निघतो. वडिलांनीं एका संस्थेंत पस्तीस वर्षें काढलीं आणि चिरंजिवांनीं पांच वर्षांत तीन नोकऱ्या बदलल्या, एवढ्या भांडवलावर घरोघर किती वाद झाले असतील त्याची गणती नाहीं. म्हणून बाईंच्या प्रश्नाचें उत्तर खासगी पत्रानें न देतां येथेंच देत आहें.

प्रथम शब्दाचा निकाल लावूं. ज्याची पाहणी करावयाची त्याला इंग्रजींत 'एंप्लॉयी एंगेजमेंट' म्हणतात. त्याचा अर्थ नुसतें समाधान असा नव्हे. पंख्याखालीं निवांत बसून महिन्याच्या अखेरीस पगार घेणारा मनुष्यही अत्यंत समाधानी असूं शकतो. येथें अभिप्रेत आहे तें कामाशीं मन जोडलेलें असणें. आपण त्यास 'मनोयोग' म्हणूं. विल्यम कान या अमेरिकन अभ्यासकानें १९९० सालीं या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. मुलांच्या उन्हाळी शिबिरांतील मार्गदर्शक व वास्तुशिल्पाच्या एका कचेरींतील लोक, असे दोन अगदीं निराळे समुदाय त्यानें पाहिले. मनोयोगास तीन गोष्टी लागतात, असा त्याचा निष्कर्ष होता : आपल्या कामाला कांहीं अर्थ आहे असें वाटणें, मन मोकळें केल्यास आपलें नुकसान होणार नाहीं हा भरंवसा, आणि कामांत ओतावयास शरीराची व मनाची शक्ति शिल्लक असणें. या तिहींत वयाचें नांव कोठेंच नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

मग वय मध्यें कोठून आलें? येथें आपल्या न्यायशास्त्राची मदत घेण्यासारखी आहे. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनीं वाचला असेल त्यांना 'उपाधि' हा शब्द आठवेल. जेथें धूर तेथें अग्नि, हें अनुमान बरोबर. परंतु जेथें अग्नि तेथें धूर, असें उलट म्हटलें कीं फसगत होते. कारण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, पण धूर नसतो. धूर येतो तो ओल्या सरपणामुळें. हें ओलें सरपण म्हणजे उपाधि : आपल्याला दिसलेल्या दोन गोष्टींच्या मागें उभी असलेली, पण आपण न मोजलेली तिसरी गोष्ट. "तरुण आहे म्हणून निष्ठा नाहीं" असें कोणी म्हणालें, तर पहिला प्रश्न हाच विचारावा कीं, यांत ओलें सरपण कोणतें?

बँकेपुरतें तें सरपण शोधूं. १९६९ सालीं चौदा व १९८० सालीं सहा बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें, खेडोपाडीं शाखा निघाल्या आणि त्या काळांत मोठी नोकरभरती झाली. १९९० नंतरच्या दशकांत ही भरती आटली. २०००-०१ सालीं स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली व सरकारी बँकांतून सुमारें एक लाख माणसें बाहेर पडलीं. भरतीला पुन्हां जोर आला तो त्यानंतर कित्येक वर्षांनीं. २०११ पासून तर बहुतेक सरकारी बँकांसाठीं आय.बी.पी.एस. या संस्थेची सामाईक परीक्षा सुरू झाली. परिणाम असा झाला कीं, पुष्कळ शाखांतून मधली फळी विरळ झाली. पूर्वीं नव्या मनुष्यास काम शिकवी तो त्याच्याहून आठ-दहा वर्षांनीं वडील असलेला सहकारी. आतां कित्येक ठिकाणीं शिकविणारा व शिकणारा यांच्यांत बापलेकांइतकें अंतर पडलें. जिन्याच्या मधल्या पायऱ्या काढून टाकल्या, तर वरचा व खालचा यांनीं एकमेकांना ओरडूनच हांक मारावी लागणार. त्या ओरडण्यास स्वभावदोष म्हणतां येणार नाहीं.

याहून ठळक उपाधि म्हणजे पेन्शन. १ एप्रिल २०१० या दिवशीं किंवा त्यानंतर बँकेंत लागलेल्यांना जुन्या पद्धतीचें ठराविक निवृत्तिवेतन नाहीं. त्यांची व बँकेची वर्गणी गुंतवून जी पुंजी जमेल तीवर पुढचा योगक्षेम. आपल्या राज्य सरकारच्या नोकरींत अशीच रेषा १ नोव्हेंबर २००५ या तारखेस पडली. एकाच शाळेच्या शिक्षकखोलींत त्या रेषेच्या दोन्ही बाजूंचे शिक्षक शेजारीं शेजारीं बसून वह्या तपासूं लागले : काम एक, हजेरीपट एक, आणि म्हातारपण निराळें. मार्च २०२३ मध्यें राज्य कर्मचाऱ्यांनीं जुन्या पेन्शनसाठीं संप केला, त्यांत शिक्षकही होते. पुढें सरकारनें फेरफार जाहीर केले, तो भाग निराळा. येथें मुद्दा इतकाच कीं, ज्याला पस्तीस वर्षें थांबण्याचें फळ ठरवून दिलेलें होतें, त्याचें थांबणें निव्वळ निष्ठा नव्हे. आणि ज्याला तें दिलेलें नाहीं, त्याचें जाणें निव्वळ चंचलपणा नव्हे. दोघांनींही आपापल्या करारास अनुसरून शहाणपणाचें वर्तन केलें आहे.

या विषयावर परदेशांत जें संशोधन झालें आहे, तेंही याच बाजूस झुकतें. 'बूमर', 'मिलेनियल', 'जेन झी' हीं जीं नांवें हल्लीं आपल्याकडेही मुलांच्या तोंडीं असतात, तीं अमेरिकेंतील जन्मवर्षांच्या हिशेबानें पडलीं. १९४६ ते १९६४ या वर्षांत तेथें युद्धोत्तर काळांत जन्मसंख्या फुगली, म्हणून त्या पिढीस 'बूमर' म्हणतात. त्याच वर्षांत आपल्याकडे फाळणी झाली, राज्यघटना आली, भाषावार प्रांत झाले. तिकडची मोजपट्टी इकडे लावण्यांत काय अर्थ? कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञानें १९२८ सालींच लिहून ठेविलें आहे कीं, केवळ एका काळीं जन्मल्यानें पिढी बनत नाहीं. तरुण वयांत एकाच प्रकारच्या घडामोडींतून एकत्र गेल्यानें ती बनते. २०१२ सालीं कोस्टान्झा व त्यांचे सहकारी यांनीं वीस अभ्यासांचें एकत्रित परीक्षण केलें. कामाचें समाधान, संस्थेविषयींची बांधिलकी व नोकरी सोडण्याचा विचार या तिन्ही बाबतींत पिढ्यापिढ्यांतील फरक बहुतेक ठिकाणीं लहान किंवा नसल्यासारखा आढळला. २०२० सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञानसंस्थांनीं नेमलेल्या समितीनेंही, माणसें नेमतांना व वागवितांना पिढीचे शिक्के उपयोगी पडत नाहींत, असाच अभिप्राय दिला.

यांत एक साधें गणितही आहे. आज जो पंचवीस वर्षांचा आहे आणि जो अठ्ठावन्नचा आहे, त्यांच्या उत्तरांत फरक पडला, तर तो वयामुळें कीं जन्मकाळामुळें, हें एकदांच केलेल्या पाहणीवरून कधींच सांगतां येत नाहीं. कारण वय कळलें कीं जन्मवर्ष कळतें, दोन्ही एकाच दोरीचीं टोंकें. अठ्ठावन्नचे गृहस्थ पंचविशींत असतांना तेही कदाचित् असेंच बोलत असतील. त्या वेळची पाहणी हाताशीं नसेल, तर त्याचा निर्णय व्हावयाचा कसा?

तरीही बाईंना हात टेकण्याचें कारण नाहीं. न्यायशास्त्रांतच अन्वय-व्यतिरेकाची युक्ति आहे : एक गोष्ट तीच ठेवून दुसरी बदलून पहावी. बँकेंत तशी सोय आयतीच आहे. सरकारी बँकांच्या कारकुनी भरतींत माजी सैनिकांसाठीं जागा राखीव असतात. त्यामुळें सैन्यांतून निवृत्त झालेला चाळिशी ओलांडलेला मनुष्य आणि नुकतीच पदवी घेतलेली मुलगी एकाच वर्षीं, एकाच हुद्द्यावर, बहुतेक एकाच अटींवर बँकेंत लागतात. वय निराळें, प्रवेश एक. या दोघांचीं उत्तरें जुळलीं, तर फरकाचें मूळ वयांत कमी व नोकरीच्या परिस्थितींत अधिक शोधावें. सैनिकाला त्याची आधींची पेन्शन असते, एवढें मात्र जमेस धरावें. तसेंच एकाच वयाचे, पण एक घराजवळ व दुसरा घरापासून हजार मैलांवर नेमलेला, अशा दोघांना शेजारीं ठेवून पहावें.

आतां आंखणीकडे वळूं. पाहणीचा कागद तयार करण्यापूर्वीं बाईंनीं वरिष्ठांकडून एका प्रश्नाचें लेखी उत्तर घ्यावें : पाहणींत जें निघेल त्यांतील काय बदलण्याचा अधिकार व पैसा आपल्यापाशीं आहे? बदल्यांचें धोरण विभागीय कचेरीच्या हातीं नसेल, तर तसें आधींच सांगून टाकावें. माणसास विचारणें म्हणजे त्याच्या मनांत आशा उत्पन्न करणें होय. विचारून कांहीं न करणें हें न विचारण्यापेक्षां वाईट. दुसऱ्या वर्षीं तो मनुष्य कागद भरील, पण खरें लिहिणार नाहीं.

दुसरें, छापील प्रश्नांच्या आधीं कान वापरावा. अमेरिकेंत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न येथें मोठा कारखाना होता. तेथें १९२४ सालीं दिव्यांच्या प्रकाशाचा कामावर काय परिणाम होतो, हें पाहण्यासाठीं प्रयोग सुरू झाले. त्यांच्या निष्कर्षांवर पुढें पुष्कळ वाद झाला; परंतु त्याच कारखान्यांत १९२८ ते १९३० या काळांत सुमारें एकवीस हजार कामगारांच्या मुलाखती झाल्या, त्यांतील अनुभव आजही शिकण्यासारखा आहे. प्रारंभीं मुलाखत घेणारे ठराविक प्रश्नांची यादी घेऊन बसत. थोड्याच दिवसांत दिसून आलें कीं, कामगारास भलत्याच गोष्टीवर बोलावयाचें असतें आणि तो पुन्हां पुन्हां तिकडेच वळतो. अखेर यादी बाजूस ठेविली व ज्याला जें बोलावयाचें तें बोलूं दिलें. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. विचारणाऱ्याला जें महत्त्वाचें वाटतें तेंच सांगणाऱ्याला महत्त्वाचें असतें, हा भ्रम त्या यादीबरोबर गळून पडला. बाईंनींही निरनिराळ्या वयांचे, हुद्द्यांचे व गांवांचे पंधरा-वीस लोक निवडून आधीं नुसतें ऐकावें. ऐकणारा त्यांचा प्रत्यक्ष साहेब नसावा. झाडलोट करणारे व दारावरचे रखवालदार कंत्राटावर असले, तरी त्यांनाही वगळूं नये; शाखेचें दार तेच उघडतात.

या ऐकण्यांतून प्रश्न तयार करावे, वीस-पंचवीस पुरेत. रेन्सिस लायकर्टनें १९३२ सालीं दाखवून दिलेली 'पूर्ण मान्य' ते 'पूर्ण अमान्य' अशी पांच पायऱ्यांची पद्धत सोयीची आहे. भाषेकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पहावें. इंग्रजी प्रश्नांचें मराठी करून तें दुसऱ्याकडून पुन्हां इंग्रजींत करवून घ्यावें, म्हणजे अर्थ कोठें निसटला तें कळतें. "आपण समाधानी आहांत काय?" या प्रश्नाला आपल्याकडील वडील माणूस बहुधा "होय"च म्हणणार, असमाधान कबूल करणें त्याला कृतघ्नपणाचें वाटतें. त्यापेक्षां "गेल्या महिन्यांत आपण सुचविलेली एखादी गोष्ट शाखेंत कोणी अमलांत आणली काय?" असें विचारावें. गोष्ट घडली किंवा घडली नाहीं. तेथें भिडेचें कारण नाहीं. आणि एका प्रश्नांत दोन प्रश्न नसावेत. "साहेब न्यायी व प्रेमळ आहेत काय?" याला न्यायी पण तुसड्या साहेबाच्या हाताखालच्या मनुष्यानें काय उत्तर द्यावें?

तिसरी गोष्ट गुप्ततेची, आणि मनोयोगाच्या तीन अटींतील भरंवशाची कसोटी येथेंच लागते. आठ माणसांच्या शाखेंत वय, स्त्री-पुरुष, हुद्दा व शाखेचें नांव एवढें विचारलें, तर नांव न लिहितांही पंचावन्नच्या पुढची एकुलती एक बाई कोण, हें तिच्या व्यवस्थापकास पहिल्या दृष्टिक्षेपांत कळेल. म्हणून उत्तरें शाखेवर उघडूं नयेत. बाहेरच्या त्रयस्थाकडे जावीत. पांचांहून, शक्य तर दहांहून, लहान गटाचे आंकडे वेगळे दाखवूंच नयेत, आणि हा नियम कागदाच्या माथ्यावर छापावा. वयाच्या जोडीनें लागल्याचें वर्ष, पेन्शनची योजना, घरापासूनचें अंतर व घरीं सांभाळावयाचें लहान मूल किंवा आजारी माणूस आहे काय, हें विचारावें; मात्र प्रत्येक उत्तर मोठाल्या गटांतच घ्यावें. ओलें सरपण सांपडलें तर या रकान्यांतच सांपडेल.

वेळ निवडतांना मार्चअखेरचे हिशेब व बदल्यांचा मोसम टाळावा, आणि कागद भरण्यास कचेरीच्या वेळांतलीच वीस मिनिटें द्यावीं. ज्यांना मोबाइलवर भरावयाचें ते मोबाइलवर भरतील, ज्यांना कागद हवा त्यांना कागद द्यावा. निवड ज्याची त्याची. साठीकडे झुकलेल्यास कागदच पाहिजे, असें गृहीत धरणें हाही एक शिक्काच.

आंकडे हातीं आल्यावर सरासरीनें फसूं नये. दहा जणांपैकीं पांचांनीं पांच गुण दिले व पांचांनीं एक, तरी सरासरी तीन. आणि दहाही जणांनीं तीन दिले, तरी तीनच. पहिल्या शाखेंत दोन तट पडले आहेत, दुसरींत सगळे कंटाळले आहेत. दोघींना एकच औषध दिलें, तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत व्हावयाची. म्हणून दोन पिढ्यांत किती अंतर आहे हें पाहण्यापूर्वीं एकाच पिढींतल्या माणसांत किती अंतर आहे, तें पहावें. चोवीस वर्षांच्या दोन मुलींमधलें अंतर पुष्कळदां बापलेकींमधल्या अंतराहून मोठें निघतें. ज्यांनीं कागदच भरला नाहीं ते कोणत्या शाखेंतले, याचीही नोंद घ्यावी. वर्गांत हात वर न करणारा मुलगा कांहींतरी सांगतच असतो.

दोन महिन्यांच्या आंत निष्कर्ष सर्वांना सारख्या भाषेंत कळवावे. साहेबांना एक व शिपायांना दुसरें, असें नको. निघालेल्या दहा तक्रारींपैकीं तत्काळ होण्यासारखी एक तरी गोष्ट करून दाखवावी. वर्षानें तेच प्रश्न, तेच शब्द ठेवून पुन्हां विचारावे. वयाचें व काळाचें गणित सोडवावयास लागणारा जुना कागद आज आपणांपाशीं नाहीं. निदान पुढच्यांना तरी तो असावा.

हें सर्व करूनही त्या पाहणींत एक उणीव राहणारच. जे नोकरी सोडून गेले ते तींत नाहींत. जे राहिले त्यांना राहण्याचीं कारणें होतीं. जाण्याचीं कारणें जाणारेच जाणत. तेव्हां बाईंनीं त्या दोघां मुलांना स्वतः पत्र घालावें. त्यांना आतां बढतीची आशा नाहीं आणि बदलीचें भय नाहीं. इतका निर्भय साक्षीदार सबंध विभागांत दुसरा मिळावयाचा नाहीं.

आणि ज्या वाचकांच्या घरीं हा खटला रोज चालतो, त्यांना वरील सव्यापसव्य करण्याची गरज नाहीं. उद्यां चिरंजीव नोकरी बदलण्याची गोष्ट काढतील, तेव्हां "तुम्हां हल्लींच्या मुलांना" या शब्दांनीं आरंभ न करतां, "तुझ्या नेमणुकीच्या पत्रांत काय काय लिहिलें आहे, तें मला एकदां वाचून दाखव" असें म्हणून पहावें. पेन्शनचा रकाना कोठें आहे, काढून टाकण्याची मुदत किती दिवसांची आहे, कामाचे तास लिहिले आहेत कीं नाहीं, हें सर्व शेवटपर्यंत ऐकावें. मग आपलें जुनें नेमणुकीचें पत्र पेटींतून काढून त्याच्या शेजारीं ठेवावें, आणि दोन्ही कागद मुलालाच वाचूं द्यावे.